चिप कुठे पडते, कशी उठते

सकाळी सात वाजता फोन येतो. "साहेब, तुमचा ऑटो परत अडकला. रात्री लाइट आली, पण मोटर काही उठली नाही." विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत बसवलेला तो छोटा कंट्रोलर तुमच्या टेबलावर आठ दिवस न चुकता चाललेला असतो. शेतकरी सांगतो की डिस्प्लेवर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं आली आहेत. फ्यूज काढून परत घातला की सगळं सुरळीत. तुम्ही बोर्ड मागवून घेता, दिवसभर चालवता, दोष सापडत नाही, आणि 'सप्लायचा प्रॉब्लेम असेल' म्हणून परत पाठवता. असे बोर्ड मीही परत पाठवले आहेत, त्यामुळे त्या वाक्याची मला चांगली ओळख आहे.

टेबलावर नव्हता तो कॉन्टॅक्टर. तिथे बोर्डावरच्या रिलेला तुम्ही बल्ब जोडला होता, किंवा नुसता टकटक आवाज ऐकून समाधान मानलं होतं. शेतात त्याच रिलेच्या टोकांना कॉन्टॅक्टरची कॉइल असते. रिले उघडला तरी कॉइलमधला प्रवाह तिथल्या तिथे थांबायला तयार नसतो. संपर्क केसभर सुटले की कॉइलमधली ऊर्जा वायरच्या स्वतःच्या इवल्याशा कपॅसिटन्समध्ये भरते, व्होल्टेज शेकड्यांत, कधी हजारांत चढतं, फटीतली हवा फुटते, ठिणगी पडते, व्होल्टेज कोसळतं. मग पुन्हा भरतं, पुन्हा फुटतं. फट पुरेशी रुंद होईपर्यंत हे चालू राहतं. डोळ्याला एकच निळी ठिणगी दिसते, पण ती असते लवंगी फटाक्यांची अख्खी लड. म्हणूनच शेतकऱ्याला बारकाईने विचारलंत तर बऱ्याचदा कळतं की ऑटो रात्री मोटर सुरू करताना अडकलाच नव्हता. तो संध्याकाळी बंद करताना अडकला होता, कळलं मात्र रात्री.

हा लेख भोसरीत, सातपूरला, शिरोलीत अशी छोटी यंत्रं बनवणाऱ्यांसाठी आणि अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला त्याच वाटेने निघालेल्या मुलांसाठी आहे. एक सवय तेवढी बदला. चाचणी म्हटलं की आपण 'पास की फेल' विचारतो. त्याऐवजी विचारायचं: ही चिप किती व्होल्टला पडते, कोणत्या पायातून आलेल्या झटक्याने पडते, पडते म्हणजे नेमकं काय होतं, आणि आपली आपण उठते का? पास झालेला बोर्ड यातलं काहीच सांगत नाही. पडलेला बोर्ड बरंच सांगतो, फक्त ते टिपून घ्यायला कोणीतरी हवं.

लडीचं मोजमाप

प्रयोगशाळेत या लडीची नक्कल करण्यासाठी आयईसी ६१०००-४-४ हे मानक आहे. एका झटक्याचा चढ ५ नॅनोसेकंदांचा आणि रुंदी ५० नॅनोसेकंदांची. असे झटके ५ किलोहर्ट्झने १५ मिलिसेकंद, किंवा १०० किलोहर्ट्झने ०.७५ मिलिसेकंद सोडायचे. दोन्हींत एका लडीत ७५ झटके येतात. दर ३०० मिलिसेकंदांनी नवी लड. म्हणजे एका मिनिटात २०० लडी आणि १५,००० झटके. ५ किलोहर्ट्झ ही जुनी रूढी. खऱ्या कॉन्टॅक्टरच्या जवळ जातो तो १०० किलोहर्ट्झ. दोन्हींनी तपासा, कारण एकात तगलेला बोर्ड दुसऱ्यात झोपलेला मी पाहिला आहे. ध्रुवता म्हणजे धन आणि ऋण झटके, तेही दोन्ही. सप्लायच्या वायरींवर ०.५, १, २ आणि ४ किलोव्होल्ट अशा पायऱ्या आहेत. सेन्सरच्या किंवा डेटाच्या वायरींवर त्याच्या निम्म्या.

या झटक्यात जीव फारसा नसतो. ४ किलोव्होल्टच्या एका झटक्यात ५० ओहमच्या भारात उतरणारी ऊर्जा जेमतेम ४ मिलिज्यूल भरते. वीज पडल्याच्या परिणामाची नक्कल करणारा सर्ज, म्हणजे ६१०००-४-५ मधला १.२/५० मायक्रोसेकंदांचा झटका, यापेक्षा हजारो पटींनी दांडगा. तो वस्तू जाळतो. आपला हा बर्स्ट (म्हणजे वरची लड) जाळत नाही, गोंधळवतो. म्हणून सर्जसाठी लावलेला व्हॅरिस्टर पाहून 'प्रोटेक्शन आहे की' असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. ते दुखणं वेगळं आहे.

अर्थिंगचंही तसंच. ५ नॅनोसेकंदांचा चढ म्हणजे सुमारे ६५ मेगाहर्ट्झपर्यंतच्या कंप्रतांचा मारा. एक मीटर वायरचं इंडक्टन्स साधारण १ मायक्रोहेन्री. ६५ मेगाहर्ट्झला तिचा अडथळा होतो जवळपास ४०० ओहम. पंपाच्या ५० हर्ट्झला जी वायर अर्थ आहे, ती या झटक्याला अर्थ नाहीच. त्याच्या दृष्टीने ती एक लांबलचक अँटेना आहे.

एक पिकोफॅरड

चाचणीला हात लावण्याआधी एक हिशेब स्वतः कागदावर करून पाहा. पुढची निम्मी कोडी त्याने सुटतात.

सप्लायची वायर आणि चिपचा रिसेटचा पाय यांच्यात समजा १ पिकोफॅरड इतकं भटकं कपॅसिटन्स आहे. एवढं तर दोन ट्रॅक शेजारून गेले तरी असतं. वायरवर ५ नॅनोसेकंदांत १००० व्होल्ट चढले, तर त्या पिकोफॅरडमधून ०.२ अँपिअर धावतो आणि एकूण १ नॅनोकूलोम विद्युतभार पायावर येऊन पडतो. रिसेटला फक्त १० किलोओहमचा पुल-अप असेल आणि पायाचं स्वतःचं कपॅसिटन्स १० पिकोफॅरड असेल, तर हिशेबाने १०० व्होल्टचा उसळा. ऋण झटका असेल तर रिसेटची पातळी सरळ शून्याखाली. चिपच्या आतले संरक्षक डायोड तो थोपवायला धावतात, पण तोवर रिसेट झालेला असतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे अर्धवट झालेला असतो. आता त्या पायाला अगदी लगटून १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. तोच १ नॅनोकूलोम, आणि उसळा १० मिलिव्होल्ट.

काही पैशांचा कपॅसिटर. पण 'लगटून' हा शब्द त्या हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे. ट्रॅकचं इंडक्टन्स सेंटिमीटरमागे साधारण १० नॅनोहेन्री धरा. त्यातून ५ नॅनोसेकंदांत १ अँपिअर चढला तर त्या सेंटिमीटरवरच २ व्होल्ट पडतात. ३.३ व्होल्टच्या चिपमध्ये साधारणपणे सुमारे १ व्होल्टच्या खाली 'शून्य' वाचलं जातं. म्हणजे कपॅसिटरपर्यंतचा एक सेंटिमीटरचा फेरा शून्याचं एक आणि एकाचं शून्य करायला पुरेसा आहे. ५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला ही सीमा दीड व्होल्टची. कॉन्टॅक्टरच्या शेजारी बसणाऱ्या यंत्रात जुन्या ५ व्होल्टच्या चिप अजून टिकून आहेत त्या केवळ सवयीने नव्हे.

डेटाशीटमधला चकवा

चिप निवडताना डेटाशीटमध्ये 'ईएसडी २ किलोव्होल्ट' दिसतं आणि माणूस निश्चिंत होतो. तो आकडा बहुतेक वेळा मानवी-शरीर नमुन्याचा असतो: १०० पिकोफॅरड, दीड किलोओहममधून, आणि चिप बंद असताना. चिप कारखान्यात हाताळताना मरणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्यात प्रवाहाचं टोक १.३ अँपिअरच्या आसपास असतं. तयार यंत्राला लागू होणारी ६१०००-४-२ ही चाचणी १५० पिकोफॅरड आणि ३३० ओहमची आहे. तीत ८ किलोव्होल्टच्या स्पर्श-झटक्यात पहिलं टोक ३० अँपिअरचं, तेही नॅनोसेकंदाच्या आत. एक आकडा दुसऱ्याचं काहीच सांगत नाही. आणि चालू असलेली चिप गोंधळेल का, हे तर पहिला आकडा विचारतच नाही.

ते विचारणारा तक्ता काही कंपन्या देतात, तो शोधा. एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या एसटीएम३२ मालिकेच्या डेटाशीटमध्ये सहनशक्तीचा वेगळा भाग असतो. त्यात सप्लाय आणि ग्राउंडच्या पायांवर १०० पिकोफॅरडमधून बर्स्ट सोडून कामात व्यत्यय कधी येतो, त्याची पातळी दिलेली असते. निव्वळ चिपसाठी आयईसी ६२२१५-३ हे २०१३ चं मानकही आहे: एकेका पायावर, ठरलेल्या जोडणीतून, चिप स्वतःचा कार्यक्रम चालवत असताना झटके सोडायचे. झटका आणि चिपचं घड्याळ यांचा मेळ मुद्दाम घालत नाहीत, कारण शेतातही तो कोणी घालत नाही. मात्र हे आकडे कंपनीच्या स्वतःच्या चाचणीबोर्डावरचे असतात. तुमचा बोर्ड दोन थरांचा, ग्राउंड तुकड्या-तुकड्यांचा असेल तर त्यातलं फारसं तुमच्या वाट्याला येणार नाही. दोन चिपमध्ये निवड करायला ते उपयोगी. ग्राहकाला हमी द्यायला नव्हे.

चिपला बोलतं करा

बहुतेक जण नेहमीचाच कार्यक्रम चिपमध्ये घालून चाचणीला जातात. मग मिनिटभर झटके, बोर्ड हँग, आणि हातात शून्य माहिती. चाचणीसाठी वेगळा कार्यक्रम लिहा. त्यासाठी लागणारा एक दिवस वसूल होतो.

सर्वांत आधी त्याने रिसेटचं कारण नोंदवावं. जवळजवळ प्रत्येक मायक्रोकंट्रोलरमध्ये त्यासाठी रजिस्टर असतं: सप्लाय पडल्याने, रिसेटच्या पायाने, वॉचडॉगने की ब्राउन-आउटने. सुरू होताच ते वाचायचं, प्रत्येक कारणाचा वेगळा मोजणीचा आकडा ठेवायचा, मगच ते पुसायचं. रिसेटचा पाय हे कारण आलं तर कपॅसिटर आणि ट्रॅक पाहा. ब्राउन-आउट आलं तर रेग्युलेटर आणि त्याच्या आसपासचं ग्राउंड. वॉचडॉग आला तर कार्यक्रम कुठेतरी भरकटला. या एका रजिस्टरने आठवडा वाचतो. ते न वाचणारे कारखाने मी मोजायचे सोडून दिले.

मग रॅमच्या मोठ्या तुकड्यात ठरावीक नक्षी भरून ठेवायची आणि सतत पडताळायची. पोर्टांच्या दिशा ठरवणारी, टायमरची, घड्याळाची रजिस्टरं आपण लिहिली तशीच आहेत का ते पाहायचं. झटक्याने इनपुट असलेला पाय आउटपुट होऊन बसतो, हे ऐकून हसू येतं, एकदा घडलं की येत नाही. इंटरप्ट किती आले आणि किती यायला हवे होते, याचा ताळा. आणि एका पायावर 'नाडी': सारखा चढता-उतरता चौकोनी तरंग, ज्याची गती बिघडली की घड्याळ गडबडलं असं समजायचं.

ही माहिती बाहेर कशी काढायची? इथेच गफलत होते. डीबगरची केबल आणि लॅपटॉप जोडून चाचणी केली, तर झटके त्या केबलने निघून जातात. बोर्ड उगाच पास होतो, किंवा डीबगरच हँग होऊन बोर्डाला बदनाम करतो. ऑसिलोस्कोपच्या प्रोबचंही तेच. चाचणी चालू असताना बोर्डाला खऱ्या वापरात असतात तेवढ्याच वायरी हव्यात. नाडीचा पाय एलईडीला जोडा आणि समोर फोटोट्रान्झिस्टर धरा, किंवा प्लॅस्टिक फायबर लावा. मोजण्याचे आकडे ईप्रॉममध्ये लिहा आणि झटके थांबल्यावर वाचा. नाहीतर मोबाइल उभा करून डिस्प्लेचं चित्रीकरण करा. यात कमीपणा काही नाही.

सप्लायचा प्रवाहही पाहत राहा. २० मिलिअँपिअर खाणारा बोर्ड अचानक २०० खायला लागला, चिप हाताला चटका देऊ लागली आणि रिसेटचं बटण दाबूनही हलत नसेल, तर तो लॅच-अप आहे: चिपच्या आतच सप्लाय आणि ग्राउंड यांच्यात चोरवाट उघडली आहे. वॉचडॉग तिथे हतबल असतो. सप्लाय काढल्याशिवाय ती वाट बंद होत नाही. 'फ्यूज काढून घातला की ठीक' या तक्रारीमागे कधी हे असतं, कधी नुसताच डिस्प्ले भरकटलेला असतो. बटणाने सुटतं की सप्लाय काढल्यावरच सुटतं, हे फोनवरही विचारता येतं.

घरची तालीम

बर्स्ट जनरेटर महाग. पण आधी घरच्या घरी तालीम होते, आणि ती केल्याशिवाय प्रयोगशाळेचे तास बुक करू नका.

एक २४ व्होल्ट डीसीचा रिले घ्या. त्याची कॉइल त्याच्याच बंद असलेल्या संपर्कातून जोडा म्हणजे तो घंटीसारखा थरथरत राहतो. कॉइलवर डायोड लावू नका; इथे ठिणगीच हवी आहे. कॉइल आणि संपर्क यांच्यामधली वायर मीटरभर लांब घ्या आणि तुमच्या बोर्डाच्या केबलला समांतर चिकटवा. २४ व्होल्टच्या या जोडणीतही वायरवर काही शे व्होल्ट उठतात, तेव्हा चालू असताना उघड्या भागाला हात लावायचा नाही. खाली अॅल्युमिनियमचा पत्रा, बोर्ड त्यावर १० सेंटिमीटर उंच थर्माकोलवर. ही उंची मानकातलीच आहे, आणि पत्राही किमान ०.८ बाय १ मीटर असा तिथे सांगितला आहे. पत्र्याने आणि ठरावीक उंचीने भटकं कपॅसिटन्स रोज सारखं राहतं. आज टेबलावर, उद्या मांडीवर ठेवून केलेल्या दोन चाचण्यांची तुलना होऊच शकत नाही.

दुसरं हत्यार स्वयंपाकघरात आहे: गॅसचा पिझो लायटर. बोर्डाच्या पेटीजवळ, डिस्प्लेजवळ, सेन्सरच्या केबलजवळ टिकटिक करून पाहा. कितीतरी नव्या बोर्डांचे १६ बाय २ चे डिस्प्ले पहिल्या दहा टिकटिकींतच बडबडायला लागतात. ठिणगी थेट पायावर मात्र टाकू नका. तिथे किती किलोव्होल्ट गेले हे तुम्हाला ठाऊक नाही, आणि मेलेल्या चिपकडून काही शिकता येत नाही. लायटर काय, रिले काय, दोन्ही बिनमापाचे. 'लायटरला पास' असं माहितीपत्रकात छापण्यासाठी ते नाहीत. कपॅसिटर हलवण्याआधी शंभरात तीसदा पडत होता, हलवल्यावर एकदाही नाही, एवढंच ते सांगू शकतात. तेवढं पुष्कळ आहे.

कमकुवत जागा शोधायची तर अगदी छोटे क्षेत्र-प्रोब मिळतात. जर्मनीतल्या लँगर ईएमव्ही-टेक्निकची ती खासियत आहे. बर्स्टला जोडलेलं टोक बोर्डावरून मिलिमीटर-मिलिमीटर फिरवायचं आणि चिप कुठे दचकते ते पाहायचं. असा प्रोब नसेल तर तांब्याच्या पट्टीचा, टेपने झाकलेला, नखाएवढा तुकडा रिलेच्या वायरीच्या टोकाला लावून गरिबाघरचा प्रोब होतो. बोर्डावर ज्या जागी चिप दचकते तिथे बहुधा क्रिस्टल असतं, रिसेटचा ट्रॅक असतो, किंवा वापरात नसलेला आणि तसाच तरंगत सोडलेला पाय असतो. तरंगते पाय ही तर आपल्याकडची जुनी खोड. त्यांना कार्यक्रमात आउटपुट करून शून्यावर ठेवा किंवा ग्राउंडला बांधा.

प्रयोगशाळेत

पुण्यात एआरएआय आणि नवी मुंबईत खारघरला समीर अशा सरकारी पाठबळाच्या संस्थांत ही साधनं आहेत. खासगी प्रयोगशाळाही आहेत. पैसे तासावर मोजले जातात, म्हणून जाताना सोल्डरिंग गन, फेराइटचे मणी, निरनिराळ्या किमतींचे कपॅसिटर, तांब्याची टेप आणि किमान तीन सारखे बोर्ड घेऊन जा. एकाच बोर्डावर निष्कर्ष काढू नका. एकाच खोक्यातल्या दोन चिपही सारख्या पातळीला पडत नाहीत.

पायरी छोटी ठेवा. ०.२ किलोव्होल्टपासून सुरुवात, ०.२ ची वाढ, प्रत्येक पायरीवर दोन्ही ध्रुवता, दोन्ही गती, किमान एक-एक मिनिट. सप्लायच्या वायरींवर जोडणीच्या पेटीतून, सेन्सरच्या केबलवर मीटरभर लांबीच्या कपॅसिटिव्ह क्लॅम्पमधून. तंत्रज्ञ सहसा थेट २ किलोव्होल्ट लावून 'पास' म्हणायच्या तयारीत असतो, त्याला आधीच समजावून सांगा की तुम्हाला पडण्याची जागा हवी आहे. २ किलोव्होल्टला तगला तर थांबू नका, २.२, २.४ असं पुढे जा. २.१ ला पडणारा आणि ४ लाही न पडणारा, दोघांचे दाखले सारखेच दिसतील. शेतात ते सारखे वागणार नाहीत.

निकालाची भाषा ठरलेली आहे. 'अ' म्हणजे काहीच झालं नाही. 'ब' म्हणजे अडखळला पण आपला आपण सावरला. 'क' म्हणजे माणसाला हात लावावा लागला. त्यापुढे कायमचा बिघाड. विहिरीवरच्या ऑटोला 'क' चालणार नाही, कारण रात्री दोन वाजता हात लावायला तिथे कोणी नाही. 'ब' चालेल, पण सावरण्याच्या दोन सेकंदांत पंपाचं काय झालं, ते तुम्हाला माहीत हवं. वहीत तारीख, बोर्डाची आणि कार्यक्रमाची आवृत्ती, वायर, ध्रुवता, गती, व्होल्टेज, काय झालं, कसं उठलं, आणि रिसेटचं कारण, एवढं हाताने लिहा. एका वेळी एकच बदल करा. घाईत फेराइटही लावला, कपॅसिटरही हलवला, कार्यक्रमही बदलला, तर कशाने सुटलं ते कळत नाही आणि पुढे पाच हजार बोर्डांवर तिन्हींचा खर्च पडतो.

दुरुस्ती

झटका उगमापाशीच मारा, ते सर्वांत स्वस्त. डीसी रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७, एसी कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर. तो कपॅसिटर एसी लाइनसाठीचा, एक्स२ प्रकारचाच हवा. अडचण एवढीच की कॉन्टॅक्टर तुमचा नसतो, शेतकऱ्याच्या जुन्या पेटीतला असतो. म्हणून स्नबर बोर्डावर रिलेच्या संपर्कांवरही ठेवा आणि सोबतच्या पाकिटात आणखी एक द्या. पाकीट उघडलं जाईल याची खात्री नाही, तरी द्या.

बोर्डावर सप्लाय येते तिथेच कॉमन-मोड चोक, प्रत्येक सप्लायच्या पायाला लगटून १०० नॅनोफॅरड, सेन्सरच्या प्रत्येक वायरीला आत शिरताच ओळीत काहीशे ओहमचा रोधक आणि त्यामागे छोटा कपॅसिटर. ऑप्टोकपलर लावला म्हणून वेगळेपणा पुरता झाला असं नाही; त्याच्या दोन बाजूंमध्येही पिकोफॅरडच्या आसपास असतंच, आणि वरचा हिशेब आठवा.

कार्यक्रमाचं काम यानंतर सुरू होतं. एका लडीची लांबी १५ मिलिसेकंद, म्हणून फ्लोटचं किंवा बटणाचं इनपुट ५ मिलिसेकंदांत तीनदा वाचून खरं मानू नका. तिन्ही वाचनं त्याच लडीत सापडतील. २०-२० मिलिसेकंदांच्या अंतराने वाचा. विहिरीतलं पाणी तेवढ्यात कुठे पळत नाही. वॉचडॉगला टायमरच्या इंटरप्टमधून थोपटू नका. मुख्य कार्यक्रम मेला तरी इंटरप्ट इमानाने चालत राहतो आणि वॉचडॉगला वाटतं सगळं ठीक आहे. पोर्टांच्या दिशा दर काही सेकंदांनी पुन्हा लिहा. १६ बाय २ डिस्प्ले चार वायरींवर चालवत असाल तर एक खोटा झटका त्याचं अर्ध्या-अर्ध्या बाइटचं गणित चुकवतो आणि तो कायमचा बडबडत राहतो. दर मिनिटाला त्याला नव्याने सुरू करा, कोणाच्या लक्षातही येत नाही. आयस्क्वेअरसीवर घड्याळाची चिप असेल आणि डेटाची वायर खालीच अडकली असेल तर नऊ घड्याळ-ठोके देऊन ती सोडवायची सोय आधीच लिहून ठेवा. फ्लॅशची रिकामी जागा रिसेटकडे नेणाऱ्या सूचनांनी भरा. सेटिंगच्या दोन प्रती सीआरसीसह.

आणि रिसेटनंतर पहिल्या काही मिलिसेकंदांत रिलेचा पाय कुठे असतो, ते स्कोपवर पाहा. पाय तरंगत राहिला तर रिले क्षणभर ओढला जातो, कॉन्टॅक्टर खडखडतो, नवी लड सुटते, पुन्हा रिसेट. असा बोर्ड स्वतःच स्वतःला मारत राहतो. ट्रान्झिस्टरच्या बेसला खाली खेचणारा १० किलोओहमचा एक रोधक हे चक्र तोडतो. रिसेटनंतर चालू असलेला पंप तसाच चालू ठेवायचा की थांबून, पाणी आणि फेज तपासून उठवायचा, हे ग्राहकाशी बोलूनच ठरवा. मी स्वतः थांबवणाऱ्यांतला आहे. काही शेतकरी त्यावर भांडलेही आहेत.

चिपचा पुरवठा बदलला की सगळं पुन्हा करा. २०२१ च्या टंचाईत अनेकांनी त्याच पायांची, दुसऱ्या कंपनीची चिप त्याच बोर्डावर बसवली. कार्यक्रम चालला, म्हणून झालं असं धरलं गेलं. आतले डायोड, रिसेटचा फिल्टर, ब्राउन-आउटची पातळी यातलं काहीही बदललेलं असू शकतं, आणि कार्यक्रम चालतो यावरून ते कळत नाही. एकाच कंपनीने त्याच चिपची नवी आवृत्ती काढली तरीही घरची तालीम तरी कराच. तासाभराचं काम आहे.

चाचणीच्या कार्यक्रमातले रिसेटचे आकडे विक्रीच्या कार्यक्रमातही राहू द्या. दोन बटणं एकदम पाच सेकंद दाबली की डिस्प्लेवर चार आकडे यावेत: सप्लाय, पाय, वॉचडॉग, ब्राउन-आउट. मग सकाळी सातच्या फोनवर 'सप्लायचा प्रॉब्लेम असेल' म्हणण्याऐवजी तुम्ही म्हणाल, "दादा, दोन्ही बटणं दाबून धरा आणि तिसरा आकडा काय दिसतो तेवढा सांगा."